तिसरे बूच

"चाळीस," पल्लवी म्हणाली. "साठ यायला पाहिजे, काका. काड्या जरा दाबून धरा."

लोटूने मीटरच्या दोन्ही काड्या तारांच्या टोकांवर पुन्हा दाबल्या. अंक एकदा थरथरला आणि चाळिसावर परत येऊन बसला. यंत्राची वीज बंद होती. तरी कारखान्यात शांतता नव्हती, कारण भिंतीपलीकडच्या कारखान्यातली यंत्रे चालूच होती, आणि सुरतेजवळच्या सचिन गावातल्या या औद्योगिक वसाहतीत भिंत ही केवळ मालकी दाखवण्यापुरती उभी असते.

"मीटरची बॅटरी उतरली असेल," लोटू म्हणाला.

"बॅटरी नवी आहे. चाळीस म्हणजे तीन आहेत, काका. सीधा हिसाब."

हा सरळ हिशेब समजून घेणे भाग आहे, कारण पुढे जे घडले ते त्यावरच उभे आहे. साड्यांवर भरतकाम करणाऱ्या या लांबलचक यंत्राला ओळीने डोकी असतात. प्रत्येक डोक्यामागे एक इलेक्ट्रॉनिक कार्ड असते आणि ही सगळी कार्डे एकमेकांना पीळ दिलेल्या दोनच तारांवरून बोलतात. तार एका कार्डातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी ओळीने न्यायची. घरातल्या वायरिंगसारखे तिला जागोजागी फाटे फोडून चालत नाही. तारेवरून निघालेला निरोप मोकळ्या टोकावर आपटला तर डोंगरातल्या हाकेसारखा माघारी फिरतो आणि मागून येणाऱ्या निरोपात मिसळून दोघांचाही अर्थ घालवतो. म्हणून दोन्ही टोकांना एकेक रोधक बसवायचा; आलेली हाक तो गिळून टाकतो. कंपनीच्या पुस्तिकेत त्याला टर्मिनेटर म्हणतात, कारखान्यात बूच. प्रत्येक बूच एकशेवीस ओहमचे, आणि दोन्ही टोकांची दोन मिळून मीटरवर साठ येतात. एक गळून पडले तर एकशेवीस. मध्ये तिसरे राहिले तर चाळीस. मग हाक माघारी फिरत नाही हे खरे, पण मूळ हाकच इतकी क्षीण होते की थंडीत ती कशीबशी ऐकू जाते आणि ऊन चढले की जात नाही.

गेल्या उन्हाळ्यात अधूनमधून, आणि यंदा होळीनंतर रोजच, तसे चालले होते. सकाळी यंत्र सुतासारखे सरळ; दुपार तापली की एखादे डोके मुके होई, टिकल्या फुलाऐवजी देठावर पडत, आणि पडद्यावर लाल अक्षरे येऊन सगळे थांबे. साड्यांचा एक अख्खा घाणा वाया गेल्यावर हसमुखशेठांनी यंत्र विकणाऱ्या कंपनीला फोन केला आणि कंपनीने पल्लवीला पाठवले. तिचे वडील परभणीहून सुरतेला मागावर आले होते. ती पांडेसऱ्यात वाढली, इंजिनिअर झाली, आणि एका वाक्यात तीन भाषा वापरून तिन्हींत नेमके बोलत असे.

"शेठ, दोन टोकांना दोनच बुचं पाहिजेत," ती वळून म्हणाली. "कुणीतरी मधी एक ठेवलंय. ते शोधायला मागची सगळी झाकणं खोलावी लागतील."

हसमुखशेठ कूलरसमोरच्या खुर्चीत बसले होते. नावाला ते जागत असत. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू रागातही ढळत नसे, आणि त्यामुळे राग कधी आला हे समोरच्याला फार उशिरा कळे.

"खोलो ने, बेन. मशीन तमारी कंपनीनी, गेल्या वर्षी जोडलेल्या टिकली टाकायच्या पेट्या पण तमारी कंपनीच्या. माल बिघडतो तो फक्त माझा."

"पेट्या आम्ही विकल्या. बसवल्या नाही."

शेठ हसले आणि त्यांनी फोन कानाला लावला.

लोटू झाकणे उघडायला यंत्रामागे गेला. भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये माणसाला आडवे होऊन सरकता येईल एवढीच फट होती. तिथे कूलरचा वारा पोचत नव्हता, आणि मोटारींची ऊब वीज बंद करूनही उतरली नव्हती. या फटीत शिरायचे लोटू गेले वर्षभर टाळत आला होता.

गेल्या वैशाखात इथेच छगन माळी मेला होता.

हे वाक्य इतके साधे आहे की त्यात वाद घालण्याजोगे काही असेल असे वाटू नये. तरी कामगार खात्याच्या कचेरीत त्यावर गेले वर्षभर वाद चालू होता, आणि वाद छगन मेला की नाही याबद्दल नव्हता, मधल्या 'इथेच' या शब्दाबद्दल होता. छगन आणि लोटू, दोघेही अमळनेरकडचे, दोघेही डिंडोलीत एका गल्लीआड राहणारे, दोघेही वसाहतीतल्या कारखान्यांची विजेची कामे करणारे. त्या दुपारी लोटू शेजारच्या कारखान्यात होता. आरडाओरड ऐकून तो धावत आला तेव्हा छगन या फटीत अर्धवट बसल्यासारखा कलंडलेला होता. शेठ म्हणाले, बाहेर हवेत न्या. सल्ला शहाणपणाचा होता. लोटूने बगलेत हात घातले, दोन कारागिरांनी पाय धरले, आणि छगनला फाटकासमोरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर नेऊन ठेवले. रिक्षा येईपर्यंत तो गेलेला होता.

हवेसाठी बाहेर नेलेला माणूस पुढे कागदावर बाहेरच मरतो. शेठांनी कचेरीत निवेदन दिले की, छगनभाई त्या दिवशी कामावर नव्हतेच. ते चहा प्यायला आले होते आणि टपरीवर उन्हाने कोसळले. टिकलीच्या पेट्या कंपनीच्या माणसांनी बसवल्या होत्या. छगनचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हते, कारण तो, शेठांच्याच शब्दांत, घरचा माणूस होता. दहाव्याला ते डिंडोलीपर्यंत आले होते आणि सगळ्यांसमोर हात जोडून हेच म्हणाले होते. परक्याला पगारपत्रक द्यावे लागते, त्याची हजेरी मांडावी लागते, त्याच्या नावाने कुठेतरी काहीतरी भरावे लागते. घरच्याला यातले काही देणे हा त्याचा अपमान ठरतो. आपल्याकडे आपुलकीने माणसाला जितके नागवले आहे तितके वैराने क्वचितच नागवले असेल.

छगनच्या पत्नीने, शोभाबाईंनी, कचेरीत एकच गोष्ट लावून धरली होती: ते आत असताना गेले, असे लिहा. पुढे काय मिळेल, किती मिळेल, हे त्यांनी वकिलालाही विचारले नव्हते. आणि लोटूला तर त्यांनी काहीच विचारले नव्हते. लोटू शेठांचे काम करून पोट भरतो हे त्यांना ठाऊक होते. न विचारणे ही त्यांची रीत होती, आणि ती लोटूला विचारण्यापेक्षा जड जात होती.

त्याने ओळीतल्या शेवटच्या डोक्यामागचे झाकण उघडले आणि तो थांबला.

आतल्या तारांची जुडी जरीच्या दोऱ्याने बांधलेली होती. प्लास्टिकच्या पट्ट्या इथल्या उष्णतेने कडक होऊन तुटतात म्हणून छगन कारखान्यातलाच उरलेला जरीचा दोरा वापरी. लाइटच्या कामात पडण्याआधी तो मागावर बीम जोडणारा होता: संपत आलेल्या ताण्याच्या एकेका तारेला नव्या ताण्याची एकेक तार गाठ मारून जोडायची, दिवसभर, बोटे न थांबवता. त्याची गाठ ज्वारीच्या दाण्याहून लहान असे. इथून पुढे, नंतर बसवलेल्या टिकलीच्या पेट्यांकडे जाणाऱ्या तारेवर वीतभर अंतराने तशाच गाठी होत्या. तारेचा पीळ शेवटपर्यंत एकसारखा होता. मोटारीच्या तारांपासून ती हातभर दूर नेली होती. तारेवरची धातूची जाळी एकाच टोकाला जमिनीला जोडली होती. चुकण्याजोग्या सगळ्या जागी छगन बरोबर होता.

आणि जुडीच्या पाठीमागे, जिथे पूर्वी तार संपत असे तिथे, जुने बूच तसेच होते.

लोटूला पहिल्यांदा लाज वाटली. स्वतःची नव्हे, छगनची. जवळच्या माणसाच्या अंगावरचे धोतर भर बाजारात सुटावे तशी. मग तो कारणे शोधू लागला. मागावर नवा ताणा जोडताना जुनी गाठ कुणी सोडत नाही. गाठ तशीच पुढे सरकते आणि कापडात जाते. छगनच्या बोटांना तीच सवय असणार. की तसे नसेल? काम संपल्यावर वीज बंद करून साठ आले का ते पाहायचे, ही शेवटची पायरी. त्या पायरीवर त्याला जुने बूच आठवले असते. त्याआधीच तो कोसळला असेल. चूक होती की अपुरे काम, हे आता सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याला लोटूने स्वतःच्या हातांनी बाहेर नेले होते. झाकण कुणीतरी लावले आणि यंत्र त्याच संध्याकाळी सुरू झाले, एवढे मात्र नक्की.

"सापडलं?" पल्लवी फटीच्या तोंडाशी येऊन म्हणाली. तिने आत वाकून पाहिले. "हां. हेच. पण हे दोऱ्याने कोण बांधतं? आमचे लोक असं बांधत नाहीत. शेठ, हे कुणी केलंय?"

शेठांनी फोन खाली ठेवला. प्रश्नाची धार त्यांच्या तत्काळ लक्षात आली असावी, कारण ते उठून उभे राहिले. कंपनीच्या माणसांनी केले म्हणावे, तर समोर कंपनीचीच बाई उभी होती. छगनने केले म्हणावे, तर वर्षभर जपलेले निवेदन एका जरीच्या दोऱ्याने गळफास घेत होते. ते यंत्राला वळसा घालून आले आणि अतिशय मायेने म्हणाले,

"लोटू, ए तो तारुं ज काम ने? तूच केलं होतंस ना हे, त्या वेळी?"

"हो शेठ," लोटू म्हणाला. "माझंच."

हे उत्तर भीतीने आले असते तर त्याला क्षमा करणे सोपे होते. ते प्रेमाने आले. मेलेल्या मित्राच्या हातून चूक झाली, ती चारचौघांत उघडी पडण्याऐवजी आपल्या अंगावर घ्यावी, एवढाच विचार त्याच्या मनात होता. आणि तो करताना त्याला, वर्षभरात प्रथमच, छातीत मोकळे वाटले. निष्ठा ही सद्गुणांतली सर्वांत आंधळी जात आहे. ती कुणाच्या कामाला येते हे ती कधी वळून पाहत नाही.

पल्लवीने त्याच्याकडे क्षणभर पाहिले. "काका, एवढी सफाईदार वायर खेचलीत आणि बूच विसरलात?"

"व्हतं असं कधी कधी, ताई."

तिने बूच उपटले. मीटरवर साठ आले. वीज दिली, यंत्राची सगळी डोकी एकदम खाली वाकली आणि टिकल्या फुलावर पडू लागल्या.

"उद्या दुपारची गरमी निघू दे," ती म्हणाली. "तेव्हा चाललं तर मी रिपोर्ट लिहून देते."

शेठांनी लोटूच्या खांद्यावर हात ठेवला. "घरचा माणूस आहे," ते तिला म्हणाले.

*

डिंडोलीत शोभाबाई दारात साडी पसरून तिच्यावर खडे चिकटवत बसल्या होत्या. गल्लीतल्या निम्म्या बाया हेच काम करीत. डिंकाचा वास आणि कुणाच्या तरी घरातल्या ठेच्याचा वास एकत्र झाला होता.

"या भाऊ," त्या म्हणाल्या. "पाय नका ठेवू साडीवर. खडा हालना तर मना जीव जाई."

लोटू उंबऱ्याशी टेकला. बाहेर तो शुद्ध बोलायची धडपड करी. या उंबऱ्यावर मात्र त्याची अहिराणी आपसूक सुटे.

"वहिनी, मशीनना फाल्ट सापडना आज."

"बरं व्हयनं. काय व्हतं?"

"एक बूच जास्तीनं राही गयथं. मजार."

आत, म्हणजे मजार. शोभाबाईंचा हात थांबला नाही. त्यांनी आणखी एक खडा बोटाने दाबला. "कोनं काम?"

"छगनभाऊनं." लोटूने घाईने पुढचे सांगून टाकले. "पन तुम्ही काळजी नका करू. शेठनी इचारं, लोटू, तुनंच काम ना? मी हाव म्हनं. छगनभाऊना नावले डाग नही लागाले पाहिजे."

आता हात थांबला. शोभाबाईंनी डिंकाची बाटली बंद केली, बोटे पदराला पुसली, आणि साडीची घडी न मोडता ती बाजूला सरकवली. रागावलेल्या माणसाचे यातले काहीच नव्हते.

"शेठनी इचारं," त्या म्हणाल्या, "आनि तुम्ही हाव म्हनं."

"हाव."

"तुम्हीन त्यासले दुसरांदा बाहेर काढं, भाऊ."

लोटूला वाक्य कळायला वेळ लागला. कळले तेव्हा त्याने उंबऱ्यावरचा हात उचलून मांडीवर घेतला.

"ते बूच त्यासनं व्हतं ना? मंग त्या मजार व्हतात. दुसरं काय सांगी ऱ्हायनू मी वरीसभर त्या हापिसमा? त्या मजार व्हतात, त्या काम करी ऱ्हायंतात. एवढंच."

"पन चूक शे ना ती, वहिनी. लोके म्हनतीन, छगनले काम येत नव्हतं."

"मंग म्हनोत." त्या पहिल्यांदा किंचित हसल्या. "चहामा साखर दोनदा टाकेत त्या. एकदा टाकी हाई ध्यानमाच ऱ्हाये नही. तुम्ही पिधा नही का त्यासना हातना चहा?"

"पिधा. गोडमिट्ट."

"मंग. तीच साखर शे ती. चुकनात व्हतीन. चुकनारना जीव जास नही का?"

चुकणाऱ्याचा जीव जात नाही का, हा प्रश्न आपल्या सगळ्या दयाळू संस्थांना विचारण्याजोगा आहे. मेलेला मजूर आपल्याला निष्कलंक लागतो. तो प्रामाणिक असावा, कुशल असावा, निर्व्यसनी असावा, आणि शक्य तर आदल्या दिवशी मुलीसाठी खाऊ घेऊन आलेला असावा. मग आपण हळहळतो. तो विसराळू निघाला, की त्याच्या मरणाचा भाव उतरतो. छगनला देव करायला निघालेला लोटू आणि त्याला चहाच्या टपरीवर नेऊन बसवणारे शेठ, दोघेही एकाच माणसाला वगळत होते: एका विशिष्ट दुपारी, एका विशिष्ट फटीत, आपले काम बहुतांशी बरोबर करून थोडेसे चुकलेल्या माणसाला.

"आते काय करू, वहिनी?" लोटूने विचारले.

"माले काय इचारतस? मी कधी इचारं का तुमले काही?" त्यांनी साडी पुन्हा पुढ्यात ओढली. "बसा. चहा ठेवस. साखर एकदाच टाकसू."

*

दुसऱ्या दिवशी ऊन आदल्या दिवसापेक्षा कडक होते आणि यंत्र चालत होते. पल्लवी पडद्यासमोर स्टुलावर बसून आकडे पाहत होती. लोटू आला तेव्हा शेठ तिला ताक देत होते.

"ताई," लोटू म्हणाला, "काल मी खोटं बोललो. ते काम माझं नव्हतं."

पल्लवीने ग्लास खाली ठेवला. शेठांनी ठेवला नाही.

"कुणाचं?"

"छगन माळीचं. तो गेल्या वर्षी इथंच, हेच काम करताना गेला. या मागच्या फटीत. मी त्याला बाहेर नेलं."

"लोटू," शेठ शांतपणे म्हणाले, "उन्हातून आलास. पहिलं पाणी पी. पछी बोल."

"पाणी पिऊन आलोय, शेठ."

पल्लवी दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. तिचा संशय रास्त होता, आणि तिने तो लपवला नाही. "काका, काल तुम्ही मला 'माझंच' म्हणालात. आज दुसऱ्याचं म्हणताय. मी कशावरून मानू? रिपोर्टवर सही माझी असते. चूक झाली म्हणून मेलेल्या माणसावर ढकलताय, असंही कुणी म्हणेल."

हे लोटूच्या ध्यानात आले नव्हते. मित्राचा डाग अंगावर घेणारा माणूस काल तो होता. आज बाहेरून पाहणाऱ्याला तो आपला डाग मेलेल्याच्या अंगावर पुसणारा दिसणार होता. मग त्याने मशीनवरच्या रिळातून हातभर जरीचा दोरा तोडला आणि आपल्या पिशवीतल्या तारांच्या दोन तुकड्यांभोवती गुंडाळून गाठ मारली. गाठ जाड झाली, शेंगदाण्याएवढी. तिची शेपटे बाहेर राहिली.

"ही माझी," तो म्हणाला. "वायरमनची. आता आतल्या बघा. मला मरेपर्यंत तशी मारता येणार नाही. तो मागावर बीम जोडायचा."

पल्लवी उठली आणि फटीत शिरली. फोनच्या उजेडात तिने शेवटच्या डोक्यापासून पेट्यांपर्यंतच्या गाठी पाहिल्या, त्यांचे फोटो काढले, आणि बराच वेळ ती बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"माझे पप्पा पण बीम जोडायचे," ती म्हणाली. "अशीच गाठ. माझ्या वेणीची रिबीन बांधली तरी सुटायची नाही." मग ती शेठांकडे वळली आणि तिचा आवाज पुन्हा कंपनीचा झाला. "शेठ, पेट्यांचं कनेक्शन आमच्या लोकांनी केलेलं नाही, एवढं मला लिहावंच लागेल. कुणी केलं, ते तुमच्या इलेक्ट्रिशियनने सांगितलं, असं लिहिते. काम करणाऱ्याचं पूर्ण नाव काय?"

प्रश्न शेठांना होता. त्यांनी सवयीने फोन उघडला आणि तसाच हातात धरून ठेवला. त्यांच्या फोनमध्ये तो 'छगन लाइट' या नावाने होता. घरच्या माणसाच्या बापाचे नाव लक्षात ठेवण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता.

"छगन उखा माळी," लोटूने सांगितले. उखा हे छगनच्या वडिलांचे नाव.

तिने लिहिले. ऱ्हस्वदीर्घ विचारून लिहिले.

"आणि ते बूच?" लोटूने विचारले. "विसरला की राहून गेलं? मीटर लावायच्या आधीच तो पडला असेल तर? तसं लिहिता येईल का?"

"मीटरवरून ते कळत नाही, काका," पल्लवी म्हणाली. तिने ते कठोरपणे म्हटले नाही. "जे दिसतं तेवढंच लिहिते. तिसरं बूच मधे होतं. काढलं. आता बरोबर आहे."

शेठ पुन्हा खुर्चीत बसले होते. हसू होते तिथेच होते. "सरस," ते म्हणाले. "लोटू, तारां पानां-पक्कड बध्धां लई जजे. इथं काही राहू देऊ नकोस. मग तू म्हणशील, शेठनी ठेवून घेतलं."

लोटूने कोपऱ्यातली शिडी उचलली. ती त्याची होती. स्टूलही त्याचे होते, पण पल्लवी त्यावर बसली होती, म्हणून ते त्याने मागितले नाही.

*

पल्लवीचा रिपोर्ट वकिलाने कचेरीत दिला, तरी जागेची पाहणी व्हायला पावसाळा उजाडला. कामगार खात्याचे अधिकारी सभ्य होते. त्यांनी शेठांचे सरबत घेतले आणि आभार मानले. शोभाबाई वकिलासोबत आल्या होत्या. नवऱ्याच्या हयातीत हा कारखाना त्यांनी आतून कधी पाहिला नव्हता. लोटू आता कडोदऱ्याला दुसरीकडे कामाला जाई; साक्षीसाठी त्याला खाडा करावा लागला होता.

"नक्की जागा कुठली?" अधिकाऱ्यांनी विचारले.

लोटूने दाखवली. अधिकारी फटीच्या तोंडाशी गेले, आत डोकावले, आपल्या पांढऱ्या सदऱ्याकडे एकदा पाहिले आणि बाहेरूनच हाताने रुंदीचा अंदाज घेतला. "इथे माणूस काम करू शकतो?" त्यांनी विचारले. हा प्रश्न कुणाला आहे हे स्पष्ट नव्हते.

"आवो बेन, बेसो," शेठ म्हणाले. "खुर्ची आपो बेन ने."

शोभाबाई बसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, अंग आडवे केले आणि त्या फटीत शिरल्या. यंत्र चालू होते. ते थांबवायला कुणी सांगितले नाही, आणि त्यांनीही नाही. सगळी डोकी एका तालात वरखाली होत होती. मागच्या बाजूने त्यांचा केवळ खांदा दिसत होता, आणि थोड्या वेळाने तोही दिसेनासा झाला. वकिलाने घड्याळ पाहिले. अधिकाऱ्यांनी लिहिण्याजोगे होते ते लिहून घेतले, पेनाला टोपण लावले आणि ते तसेच उभे राहिले, कारण आत गेलेल्या बाईला बाहेर बोलावण्याची भाषा त्यांच्याजवळ नव्हती.

त्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा घामाने भिजलेला होता. केसांवर, खांद्यावर, पदरावर यंत्रामागची रंगीबेरंगी दोऱ्यांची लव चिकटली होती: राणी, पोपटी, जरीची पिवळी. "वारं नही अठे," त्या लोटूला म्हणाल्या, आणि फाटकाकडे चालू लागल्या.

परतीच्या शेअर रिक्षात त्या कडेला बसल्या. उधन्याला चढलेल्या एका अनोळखी गुजराती बाईने थोडा वेळ पाहिले, मग न राहवून हात पुढे केला.

"माथामां दोरा चोंट्या छे, बेन. काढी दऊं?"

"राहू द्या," शोभाबाई म्हणाल्या, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांनी डोक्यावर पदर घेतला.